पोगाचार यंदा पाचवी टूर जिंकणार का? अंदाज बांधायचा कसा, ते सोप्या भाषेत

जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, मुळशी, भोर, पुरंदरकडच्या रस्त्यांवरनं परदेशी रायडरांचा घोळका सुसाट जाताना आपल्या लोकांनी डोळ्यानं बघितला आणि तेव्हापासनं कोल्हापुरात सायकल रेसबद्दल विचारणारे एकदम वाढलेत. रविवारी पहाटे पन्हाळ्याला जाणारे ग्रुप आधीपासनं होतेच, पण आता ज्यांनी शाळा सुटल्यावर सायकलला हात लावलेला नाही ते पण रंकाळ्यावर चहा घेताना विचारतात, की जुलैत टूर द फ्रान्स आहे, तो चार वेळा जिंकलेला स्लोव्हेनियाचा पोगाचार परत मारणार का?

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे "मारणारच, त्याला हरवणारा जन्माला यायचाय" आणि दुसरं म्हणजे "सायकल रेसचं काय सांगावं, पंक्चर झालं की संपलं." दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत, कारण दोन्हीत विचार करायचं काम टाळलंय. अंदाज बांधता येतो, पण "तो सगळ्यात भारी आहे का" हा प्रश्न त्यासाठी पुरत नाही. प्रश्न तीन आहेत आणि ते वेगवेगळे विचारावे लागतात: तो स्टार्टला धडधाकट पोचेल का, पोचला तर तीन आठवडे टिकेल का, आणि टिकला तर बाकीच्यांपेक्षा फास्ट असेल का. लोक फक्त तिसऱ्यावर भांडत बसतात.

आधी रेस नेमकी काय असते ते

टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. आता तिचे २१ टप्पे असतात, टप्प्याला स्टेज म्हणतात, आणि मधले दोन आरामाचे दिवस धरून ती २३ दिवस चालते. एकूण अंतर साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर. रोजची रेस वेगळी, रोजचा विनर वेगळा, पण प्रत्येकाला रोज लागलेला वेळ बेरजेत धरत जातात आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो पिवळी जर्सी घालतो. शेवटच्या दिवशी पिवळी जर्सी ज्याच्या अंगावर, तो चॅम्पियन. इटलीची जिरो आणि स्पेनची वुएल्टा याच पद्धतीच्या, त्यापण तीन आठवड्यांच्या.

आपल्याला कुस्तीची सवय आहे म्हणून त्यातच सांगतो. खासबागेत पाठ टेकली की कुस्ती निकाली, मग तोपर्यंत तुम्ही कितीही सरस खेळलेला असा. टूरमध्ये एखाद्या दिवशी हरलात तरी दुसऱ्या दिवशी परत उभं राहता येतं, एवढंच की कालचा तोटा पुसला जात नाही, तो २१ दिवस तुमच्याबरोबर फिरतो. त्यामुळं चॅम्पियन व्हायला एकही स्टेज जिंकावी लागत नाही, फक्त एकही दिवस फार वाईट जाऊन चालत नाही. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातं.

हां, स्टेजला पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंद बक्षीस म्हणून वेळेतनं वजा करून मिळतात, टाइम ट्रायल (एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायची स्टेज) सोडून. किरकोळ वाटतात, पण १९८९ ची टूर ग्रेग लेमाँडनं फक्त ८ सेकंदांनी जिंकली होती.

वेळ तुटतो कुठं

२१ मधल्या बऱ्याच स्टेजमध्ये चॅम्पियनशिपच्या दृष्टीनं काहीच होत नाही. कारण वारा. सपाट रस्त्यावर रायडरची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि वेग वाढवला की ती ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताच्या हिशोबानं वाढत जाते. दुसऱ्याच्या मागं चिकटून चाललं की तो वारा पुढचा खातो, याला ड्राफ्टिंग म्हणतात.

हे वाचून समजत नाही, अनुभवून समजतं. कळ्याच्या पुढं गगनबावड्याच्या रस्त्याला जूनच्या सुरुवातीला पश्चिमेकडनं वारा सुटलेला असतो तेव्हा पुढच्याच्या चाकापासनं वीतभर अंतर ठेवून चालवून बघा. पेडल हलकं होतं, छातीवरचा दाब जातो, कानात वाऱ्याचा आवाज बंद होऊन पुढच्याच्या चेनचा आवाज ऐकू यायला लागतो. आणि अर्धा मीटर बाजूला सरका, की वारा छातीवर येऊन आदळतो आणि चार पेडलांत तुम्ही मागं पडायला लागता. एकाच्या मागं चाललं तरी तिसरा हिस्सा ताकद वाचते, शंभर-दीडशेच्या घोळक्याच्या मधोमध त्याहून कितीतरी जास्त. म्हणून सपाट स्टेजला जगातला एक नंबरचा रायडर पण दीडशेव्या नंबरवाल्याला सोडून जाऊ शकत नाही, सगळे एकाच वेळेत येतात.

मात्र तोच ग्रुप वाघबीळवरनं पन्हाळ्याच्या चढाला लागला की दहा मिनिटांत फुटतो. चढाला वेग कमी, वेग कमी म्हणून वारा कमी, वारा कमी म्हणून मागं लपायचा फायदा कमी, आणि उरतं ते फक्त एकच, तुम्ही स्वतःचं वजन किती ताकदीनं वर ओढताय. इथं एक टेक्निकल शब्द लागेल, वॅट पर किलो, म्हणजे पायातनं निघणारी ताकद वॅटमध्ये भागिले अंगाचं वजन. चांगला हौशी रायडर तासभर किलोमागं तीन-साडेतीन वॅट धरतो, टूर जिंकणारे लोक अर्धा-पाऊण तासाच्या चढाला सहाच्या वर असतात. पस्तीस मिनिटांच्या चढाला एक किलो वजन जादा असलं तर पंचवीसेक सेकंद जातात. ते लोक वजनावरनं एवढा जीव का टाकतात ते यात आलं.

दुसरी जागा म्हणजे टाइम ट्रायल. यात प्रत्येकजण एकटा घड्याळाविरुद्ध पळतो, लपायला कोणी नसतं. २०२० ला स्लोव्हेनियाचाच रोग्लिच शेवटून दुसऱ्या दिवशी ५७ सेकंदांनी पुढं होता, ला प्लांश दे बेल फीय या डोंगरावर संपणारी टाइम ट्रायल झाली आणि संध्याकाळी पोगाचार ५९ सेकंदांनी पुढं. एका दिवसात जवळपास दोन मिनिटांचा उलटफेर.

म्हणजे अंदाज बांधताना २१ दिवसांचा विचार करायचा नाही. चढावर संपणाऱ्या पाच-सहा मोठ्या स्टेज आणि टाइम ट्रायल, एवढे दिवस जिंकण्याचे. बाकीचे दिवस फक्त गमावण्याचे, त्या दिवशी पडायचं नाही, आजारी पडायचं नाही, वाऱ्यात मागं राहायचं नाही.

चॅम्पियन दुसऱ्या वर्षी परत जिंकतो किती वेळा?

अंदाज बांधणारे लोक सगळ्यात आधी हे बघतात, की आत्तापर्यंत अशा परिस्थितीत साधारण काय झालंय. याला बेस रेट म्हणतात. आपल्या आवडत्या रायडरचा विचार नंतर.

२०१२ ते २०२५ या १४ टूर घेऊ. त्याच्या मागं मी मुद्दाम जात नाही, औषधं घेतल्याबद्दल लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली, २००६ ला लँडिसचं गेलं, २०१० ला काँटाडोरचं गेलं, त्यामुळं तो काळ धरून हिशोब केला तर हिशोबच बिघडतो.

१४ पैकी एकदा आदल्या वर्षीचा चॅम्पियन स्टार्टलाच नव्हता, २०१३ ला ब्रॅडली विगिन्स. दोनदा रेस मधेच सुटली: २०१४ ला क्रिस फ्रूम पडून पडून पाचव्या स्टेजला घरी गेला, २०२० ला इगान बर्नाल पाठीच्या दुखण्यानं तिसऱ्या आठवड्यात गेला. सहा वेळा चॅम्पियन शेवटपर्यंत पोचला पण जिंकला नाही: इव्हान्स सातवा, निबाली चौथा, फ्रूम २०१८ ला तिसरा, थॉमस दुसरा, पोगाचार २०२२ ला दुसरा, पोगाचारला टक्कर देणारा डेन्मार्कचा विंगेगार्ड २०२४ ला दुसरा. आणि पाच वेळा परत जिंकला: फ्रूम २०१६ आणि २०१७, पोगाचार २०२१, विंगेगार्ड २०२३, पोगाचार २०२५.

१४ पैकी ५. म्हणजे शंभरात छत्तीस. "मारणारच" म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा. आणि "काय सांगावं" म्हणणाऱ्यांनी पण वाचावा, कारण पावणेदोनशे लोक स्टार्टला उभे असताना एकाच माणसाला छत्तीस टक्के म्हणजे ते नशीब नव्हे.

जिरोचा रेकॉर्ड तर याहून वाईट दिसतो. १९९२ आणि १९९३ ला मिगेल इंदुरेननं लागोपाठ जिंकली, त्यानंतर २०२५ पर्यंत कोणालाही लागोपाठ दोन जिरो जमलेल्या नाहीत. पण इथं सावध राहायला पाहिजे, कारण जिरो जिंकलेले बरेच जण पुढच्या वर्षी टूरसाठी ताकद राखायची म्हणून जिरोला जातच नाहीत. आकडा खरा आहे, पण तो ताकदीबद्दल कमी आणि कॅलेंडरबद्दल जास्त सांगतो. उलट वुएल्टा रोग्लिचनं २०१९, २०२० आणि २०२१ अशी ओळीनं तीनदा मारली.

"पण गेल्या वर्षी चार मिनिटांनी हरवलंय की!"

हा सगळ्यात कॉमन मुद्दा. २०२५ ला पोगाचारनं विंगेगार्डला ४ मिनिटं २४ सेकंदांनी मागं टाकलं, मग एका वर्षात एवढा फरक भरून निघणार कसा?

मागचं बघू. २०१४ ला निबाली ७ मिनिटं ३७ सेकंदांनी जिंकला, पुढच्या वर्षी चौथा. २०२१ ला पोगाचार ५ मिनिटं २० सेकंदांनी जिंकला, पुढच्या वर्षी विंगेगार्डकडनं २ मिनिटं ४३ सेकंदांनी हरला. २०२३ ला विंगेगार्ड ७ मिनिटं २९ सेकंदांनी जिंकला, पुढच्या वर्षी ६ मिनिटं १७ सेकंदांनी हरला. आणि २०१५ ला फ्रूम जेमतेम १ मिनिट १२ सेकंदांनी जिंकला होता, तो पुढच्या वर्षी परत जिंकला.

म्हणजे फरकाचा आकडा पुढच्या वर्षाबद्दल फारसं काही सांगत नाही. का नाही, तर फरकात दोन माणसं असतात. विंगेगार्डचंच घ्या. एप्रिल २०२४ ला बास्क कंट्रीच्या रेसमध्ये तो उतारावर पडला, कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, बारा दिवस हॉस्पिटलात. तिथनं तीन महिन्यांच्या आत तो टूरच्या स्टार्टला उभा होता आणि दुसरा आला. त्या वर्षीचे सहा मिनिटं पोगाचारची ताकद किती आणि समोरच्याचं मोडलेलं अंग किती, हे वेगळं काढता येत नाही. त्याच्या आदल्या वर्षी उलटं, एप्रिल २०२३ ला पोगाचारचं मनगट मोडलं होतं. बऱ्याच वर्षी फरक मोठा दिसतो कारण दोघांपैकी एक जण पूर्ण बरा नसतो.

फरकापेक्षा मी दुसरी गोष्ट बघतो: टक्कर देणारे किती आहेत. २०२५ ला तिसरा आलेला लिपोविट्झ ११ मिनिटं मागं होता. म्हणजे पोगाचारला खरं आव्हान एकाच माणसाचं, विंगेगार्डचं. तो माणूस सप्टेंबरात वुएल्टा जिंकून आला, म्हणजे तो संपलेला नाही, पण आहे एकच.

एक वाईट दिवस कसा दिसतो

सगळं समजून घ्यायला एकच स्टेज नीट बघायची असेल तर १३ जुलै २०२२ ची बघा. पोगाचार पिवळ्या जर्सीत, लागोपाठ दोन टूर जिंकलेला, आधीच्या दहा दिवसांत त्याच्यासमोर कोणी टिकेल असं वाटत नव्हतं. त्याच्या टीमचे दोन रायडर मात्र कोविडनं घरी गेलेले. टीम आठ जणांची असते आणि त्यातले सात एकासाठी राबतात, वारा अडवायचा, गाडीवरनं बाटल्या आणि खाणं आणायचं, कोणी हल्ला केला तर त्याच्या मागं जायचं. हे लोक कमी झाले की ती सगळी कामं मुख्य रायडरच्याच अंगावर येतात.

त्या दिवशी गॅलिबिए नावाच्या डोंगरावर, जो २,६४२ मीटर उंच आहे, विंगेगार्डच्या टीमनं पोगाचारला एकटा गाठला. त्याच टीमचा रोग्लिच हल्ला करायचा, पोगाचार त्याच्या मागं जायचा, तो थांबतो न थांबतो तोवर विंगेगार्ड हल्ला करायचा. परत रोग्लिच. प्रत्येकाला त्यानं स्वतः उत्तर दिलं, बघताना तर तोच सगळ्यात ताजा वाटत होता. पण प्रत्येक वेळी असं एकदम झेपावताना स्नायूंमधली साखर भसाभस जळते आणि शरीरात तो साठा साधारण २,००० कॅलरींचाच असतो, मोठ्या डोंगराच्या स्टेजला खर्च त्याच्या दुप्पट-अडीचपट. बाकीचं सायकलवर खाऊन भरायचं, म्हणून हे लोक आता तासाला ९० ते १२० ग्रॅम साखर पोटात ढकलतात, पोटानं साथ दिली तर.

मग शेवटचा चढ, कोल दु ग्रानोन. ११ किलोमीटर, सरासरी ९ टक्के, माथा २,४१३ मीटरवर. कोल्हापूर ते पन्हाळा उंचीचा फरक चारेकशे मीटर आहे, ग्रानोनचा शेवटचा चढ त्याच्या अडीचपट, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाव भागानं कमी. पाचेक किलोमीटर राहिले असताना विंगेगार्ड सुटला. पोगाचार उठलाच नाही. जर्सीची चेन उघडी, खांदे हलायला लागलेले, आणि मागनं एकेक जण येऊन त्याला पार करून चाललेला. माथ्यावर तो २ मिनिटं ५१ सेकंद मागं होता. टूर तिथंच गेली, त्यानंतरच्या दहा दिवसांत त्यानं काय काय केलं तरी ते अंतर भरलं नाही.

यात पोगाचार कमजोर होता का? नव्हता. टीम कमी पडली, डावपेच फसले, उंची नडली, पोटातलं संपलं, आणि हे सगळं एकाच दुपारी एकत्र आलं. म्हणून मी परत परत म्हणतो की सगळ्यात भारी कोण हा प्रश्न पुरेसा नाही.

आकडा काढायचा कसा

सुरुवातीचे तीन प्रश्न आता आकड्यांत घालू.

पहिला, स्टार्टला धडधाकट पोचेल का. एप्रिल-मेच्या रेसमध्ये हाड मोडू शकतं, गुडघा दुखू शकतो. १४ वर्षांत एकदा चॅम्पियन स्टार्टला नव्हता. मी ९५ टक्के धरतो.

दुसरा, तीन आठवडे टिकेल का. स्टार्टला आलेल्या १३ चॅम्पियनपैकी दोघे मधेच गेले, म्हणजे टिकण्याची शक्यता ८५ टक्क्यांच्या आसपास. ८५ हा आकडा लोकांना फार कमी वाटतो, म्हणून तो रोजच्या हिशोबात मांडून बघा. रोज शंभरात एकापेक्षाही कमी धोका आहे असं धरा, समजा ०.८ टक्के. एका दिवसाला काहीच नाही. पण २१ दिवस रोज तोच धोका घ्यायचा, तर शेवटपर्यंत सुखरूप पोचण्याची शक्यता ८४-८५ टक्क्यांवर येते. २०२५ चंच बघा, तुलूजच्या स्टेजला शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पोगाचार दुसऱ्याच्या चाकाला लागून रस्त्यावर पडला. कोपर खरचटलं, पुढचे लोक त्याच्यासाठी थांबले, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ओताकामच्या डोंगरावर विंगेगार्डला २ मिनिटं १० सेकंदांनी मागं टाकलं. तोच खांदा जरा वेगळ्या अँगलनं आपटला असता तर ओताकाम बघायला मिळालं नसतं.

तिसरा, टिकला तर सगळ्यात फास्ट असेल का. शेवटपर्यंत पोचलेल्या ११ चॅम्पियनपैकी ५ जिंकले, म्हणजे ४५ टक्के. पण इथं पोगाचारचं स्वतःचं रेकॉर्ड बघून आकडा वर न्यायला पाहिजे. २०२० ते २०२५ सहा टूर खेळला, सहाही पूर्ण केल्या, चार जिंकल्या आणि दोनदा दुसरा. दुसऱ्याच्या खाली कधी गेलाच नाही, आणि दोन हारांपैकी एक मनगट मोडलेल्या वर्षाची. सप्टेंबर २०२५ ला किगालीत वर्ल्ड चॅम्पियनशिप पण त्यानंच मारली. मी ७५ धरतो.

आता तिन्हींचा गुणाकार: ०.९५ गुणिले ०.८५ गुणिले ०.७५, उत्तर येतं ०.६० च्या आसपास.

शंभरात साठ. आणि साठ म्हणजे जिंकणार असा अर्थ नाही, साठ म्हणजे अशा दहा टूर झाल्या तर चार वेळा तो हरेल. तो हरला म्हणून अंदाज चुकला असं होत नाही आणि जिंकला म्हणून "मारणारच" म्हणणारे बरोबर ठरत नाहीत.

रूटनं काही फरक पडतो का?

पडतो, आणि लोक समजतात त्यापेक्षा जास्त पडतो, कारण रूट दरवर्षी बदलतो. २०१२ ला शंभर किलोमीटरच्या वर टाइम ट्रायल होती आणि विगिन्ससारखा टाइम ट्रायलचा तज्ज्ञ जिंकला. २०१५ ला एकट्यानं पळायची टाइम ट्रायल जेमतेम १४ किलोमीटर. त्याच विगिन्सला २०१५ च्या रूटवर कोणी फेवरेट म्हटलं नसतं.

यंदाची टूर ४ जुलैला बार्सिलोनातनं सुरू होणार, पहिल्याच दिवशी टीम टाइम ट्रायल, म्हणजे आख्खी टीम मिळून घड्याळाविरुद्ध. आणि शेवटाला १९ आणि २० नंबरच्या दोन्ही स्टेज आल्प द्युएझवर संपणार, त्यातल्या विसाव्या स्टेजच्या वाटेत तोच गॅलिबिए आहे. उंच डोंगर, लांब चढ, तिसऱ्या आठवड्याचा थकवा. पोगाचारला आत्तापर्यंत जिथं जिथं त्रास झालाय, २०२२ ला ग्रानोन आणि २०२३ ला कोल द ला लोझ, ते दोन्ही चढ २,३०० मीटरच्या वर जातात आणि तिथं त्याला मागं टाकणारा विंगेगार्डच होता. तेव्हापासनं पोगाचारनं यावर काम केलेलं दिसतंय, २०२४ आणि २०२५ ला उंचीवर तो ढेपाळला नाही. तरी रूट बनवणाऱ्यांनी अवघड पेपर शेवटाला ठेवलाय हे नक्की.

वय सत्तावीस, मग चिंता कसली?

वयाची नाहीच. पोगाचार सप्टेंबर १९९८ चा आणि विंगेगार्ड डिसेंबर १९९६ चा. कॅडेल इव्हान्सनं २०११ ला चौतिसाव्या वर्षी टूर जिंकली होती. शरीर अजून सात-आठ वर्षं साथ देऊ शकतं.

चिंता वेगळी आहे. टूर पाच वेळा जिंकलेले चौघेच: आंकतिल, मर्क्स, इनो, इंदुरेन. सहावी कोणालाच जमली नाही, आणि सहावीच्या वेळी चौघेही म्हातारे झालेले नव्हते. आंकतिल १९६६ ला आजारी पडून बाहेर गेला. मर्क्सला १९७५ ला पुई द दोमच्या चढावर एका प्रेक्षकानं पोटात बुक्की मारली, पुढं प्रा-लूवर तेवेनेनं त्याला मागं टाकलं, शेवटी २ मिनिटं ४७ सेकंदांनी हरला. इनो १९८६ ला स्वतःच्याच टीमच्या लेमाँडकडनं हरला. इंदुरेन १९९६ ला ले-झार्कच्या चढावर खाणं संपून एकदम उभा राहिल्यासारखा झाला आणि शेवटी अकरावा आला. चार माणसं, चार वेगळी कारणं. एकच सिक्रेट कारण शोधत बसणाऱ्यांना इथं काही सापडणार नाही, जितकी वर्षं तुम्ही वर राहता तितक्या वेळा सगळ्यांच्या सगळ्या योजना तुमच्याविरुद्ध असतात एवढंच.

आणि मन. २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात पोगाचार दमलेला दिसत होता, त्यानं स्वतः थकवा बोलून दाखवला. वर्षभर प्रत्येक रेस जिंकायला उतरणाऱ्या माणसाला हे होणारच. फ्रूम २०१८ ला मेमध्ये जिरो जिंकून टूरला आला आणि तिसरा आला. मात्र पोगाचारनं २०२४ ला जिरो आणि टूर दोन्ही एकाच वर्षी मारल्या, १९९८ च्या पांतानीनंतर हे कोणाला जमलं नव्हतं. म्हणून यावर मी आकडा खाली आणत नाही, पण लक्ष ठेवतो.

"हे सगळं औषधं घेऊन चालतंय"

हा प्रश्न येणारच आणि तो येणं योग्य पण आहे, या खेळानं लोकांचा विश्वास एकदा नाही, अनेकदा मोडलाय. २००८ पासनं बायोलॉजिकल पासपोर्ट आहे, म्हणजे प्रत्येक रायडरच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं नोंदवून ठेवतात आणि त्यात एकदम विचित्र बदल दिसला तर चौकशी लागते, औषध प्रत्यक्ष सापडलं नाही तरी. हे जाळं पक्कं आहे असं कोणी म्हणत नाही. पण पुरावा नसताना फक्त फास्ट जातोय म्हणून एखाद्याला चोर ठरवणं मला मान्य नाही.

जुलैत हा आकडा कधी बदलायचा

साठ हा आजचा आकडा आहे, दगडावर कोरलेला नाही. आपल्याकडं स्टेज साधारण रात्री साडेआठ-नऊला संपते, जेवताना शेवटचा तास बघितला तरी पुरतं.

पहिल्या आठवड्यात कोण जिंकतंय यावर जास्त विचार करू नका, फक्त पोगाचार आणि त्याचे डोंगरातले दोन-तीन मदतनीस शाबूत आहेत का ते बघा. २०२५ ला त्याचा मुख्य मदतनीस आल्मेदा बरगडी मोडून नवव्या स्टेजला गेला तरी तो जिंकला, पण तसे दोघं गेले तर मी साठाचे पन्नास करीन. पहिल्या मोठ्या डोंगराच्या स्टेजला सेकंद मोजण्यापेक्षा शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये विंगेगार्ड त्याच्या चाकावर बसून राहतोय का ते बघा. राहिला तर ही टूर शेवटच्या आठवड्यापर्यंत जाणार. पहिल्याच डोंगरावर तो मागं पडला आणि मिनिटभर गमावून बसला, तर पोगाचारचे साठाचे ऐंशी धरा, त्यापेक्षा जास्त नाही, कारण पडण्याचा धोका तेवढाच राहतो.

आणि १९ व्या स्टेजच्या सकाळी दोघांत एक मिनिटापेक्षा कमी अंतर असेल, तर मग माझ्या हिशोबानं निम्मं-निम्मं. त्या दोन दिवशी रात्रीचं जेवण लवकर उरकून घ्या.